मोटारवाल्यांच्या कराने बस चालेल काय?

मुंबईत बेस्ट बसचे किमान भाडे २०१९ साली ५ रुपये झाले. मे २०२५ मध्ये ते १० रुपये झाले, वातानुकूलित बसला १२. किमान भाड्याने रोज येऊन-जाऊन दोन फेऱ्या करणाऱ्या कारागिराला साध्या बसचे २६ दिवसांत २६० रुपये जादा पडतात. पूर्वी बसचा तोटा बेस्टच्या वीज विभागाच्या नफ्यातून भरला जाई. तो आधार गेला. आता मोटारवाल्यांवर कर बसवून तोटा भरावा, असे काहीजण सुचवतात.

लंडनमध्ये हे झाले आहे. १७ फेब्रुवारी २००३ पासून शहराच्या मध्यभागात मोटार नेणाऱ्यास दिवसाला ५ पौंड भरावे लागले. कर सुरू होतानाच जादा बसगाड्या सोडण्यात आल्या. वसुलीचा खर्च वजा जाता उरलेली रक्कम वाहतुकीवरच लावावी, असे कायद्याने ठरवले गेले. मात्र मालाच्या गाड्यांनाही कर लागला आणि दुकानदारांनी कुरकुर केली.

आपल्याकडेही टेम्पोवर कर बसला तर तो शेवटी कापडाच्या भावातच चढणार. म्हणून नुसता विरोध करून भागणार नाही. व्यापाऱ्यांनी दोन गोष्टी मागाव्यात: मालाच्या गाडीला सवलत आणि कराच्या रकमेचा वेगळा, उघड हिशेब. बस आधी वाढावी, कर मागून यावा. गिऱ्हाईक आणि कारागीर दोघेही बसनेच येतात. हिशेब वेगळा नसेल तर आपले पैसे जातील आणि कारागीर थांब्यावर उभाच राहील.