सहा पृष्ठांचा संसार

इंग्लंडमधील इन्सेंटिव्ह सॉफ्टवेअर या कंपनीने तयार केलेला आणि डोमार्कने १९९१ साली बाजारात आणलेला ‘थ्री-डी कन्स्ट्रक्शन किट’ हा संच म्हणजे त्रिमितीय खेळ रचण्याची विद्या घरगुती संगणकाच्या मालकाला खुली करून देण्याचा एक धाडसी उद्योग होता. कारण ज्या यंत्रांवर तो चालावयाचा, त्यांपैकी झेडएक्स स्पेक्ट्रमच्या झेड-८० प्रोसेसरला साध्या गुणाकाराची स्वतंत्र आज्ञासुद्धा नव्हती. १९८७ च्या ‘ड्रिलर’ या खेळासाठी याच कंपनीने सिद्ध केलेले ‘फ्रीस्केप’ तंत्र या संचाच्या मुळाशी होते, आणि नवशिक्याची गैरसोय होऊ नये म्हणून पेटीत शिकवणीची व्हिडिओ कॅसेटही घालण्यात आली होती.

आजच्या संगणकावर एम्युलेटरच्या साहाय्याने हा संच उघडून मी एक साधे टेबल करावयास घेतले, तेव्हा या कामाची खरी प्रकृती ध्यानात आली. गोलाई नाही, वळण नाही. शाळेच्या भूमितीतील इष्टिकाचिती, पिरॅमिड आणि काही सपाट आकृत्या एवढीच काय ती सामग्री. एक इष्टिकाचिती मागवावी, तिला दाबून फळी करावी, दुसरी ताणून पाय करावा, आणि मग सहाही पृष्ठांना पृथक् रंग द्यावेत. त्यांतील शून्य क्रमांकाचा रंग म्हणजे अदृश्यता. जमिनीला टेकलेल्या पायाचा तळ कोणाच्याच दृष्टीस पडणार नसल्यामुळे त्याला शून्य द्यावयाचे, म्हणजे तेवढे पृष्ठ रेखाटण्याचे श्रम यंत्राला पडत नाहीत. आणि पाऊल टाकले की नवे चित्र उभे राहीपर्यंत जेथे खोळंबावे लागते, तेथे ही काटकसर क्षुल्लक नव्हे.

याहून कडक कायदा हद्दीचा. कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे, याचा निवाडा हे तंत्र प्रत्येक वस्तूच्या हद्दीवरून करते. म्हणून पाय फळीला नेमका भिडला पाहिजे, तिच्यात घुसता कामा नये. सुताराप्रमाणे खाच पाडून तो आत बसवू गेल्यास निवाडा चुकतो, आणि मागचा पाय खुशाल पुढच्या फळीवर उमटतो.

एवढी तजवीज झाल्यावर ही निर्जीव मांडणी खेळ होते ती आज्ञावलीच्या बळावर: अमुक वस्तूला गोळी लागली असेल तर तमुक वस्तू अदृश्य करावी, अशी कलमे वस्तूगणिक लिहावयाची. येथील दार बहुधा बिजागरीवर फिरत नाही, ते नाहीसेच होते. आणि घराचे अंतरंग घरात नसून दुसऱ्याच एका क्षेत्रात मांडलेले असते, जेथे खेळणाऱ्याची रवानगी एका आज्ञेने होते. त्यामुळे बाहेरून खोपटे दिसणाऱ्या वास्तूच्या आत दरबार भरविण्यास काहीच हरकत नाही.

पूर्ण झालेला खेळ संचापासून वेगळा काढून दुसऱ्याच्या हाती देता येई, आणि कर्त्याची कसोटी तेथेच लागे. यंत्राच्या दारिद्र्याची सबब त्या परक्या खेळणाऱ्यापुढे चालण्यासारखी नव्हती. न दिसणारा तळ, न फिरणारे दार आणि घराबाहेरचे अंतरंग या सर्व लबाड्या त्याच्या ध्यानीही न येता तो पुढच्या दालनात शिरला, तरच रचना साधली म्हणावयाची. आणि ते साधण्याचे कसब संचातील कोणत्याही मेनूत नव्हते, ते काय वगळावे हे ठरविणाऱ्या माणसाकडेच होते.