जुन्या गाडीतून आउटबॅकची वाट : ज्येष्ठांनी निघण्यापूर्वी

मुले ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले आई-वडील प्रवासाआधी दवाखान्यात येतात तेव्हा त्यांचे प्रश्न पूर्वी ठरलेले असत. विमानात पायांना सूज येईल का, गोळ्या किती न्याव्यात, तिकडचे पाणी मानवेल का. अलीकडे त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "मुलाने जुनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घेतली आहे. आठ-दहा दिवस आउटबॅकमध्ये नेतो म्हणतो. जावे का?"

माझे उत्तर बहुधा 'अवश्य जावे' असेच असते. मात्र त्याआधी मी त्यांना एक प्रश्न विचारतो, आणि तोच या लेखाचा विषय आहे. गाडी निर्जन जागी बंद पडली आणि मदत पाच-सहा तासांनी पोहोचली, तर तेवढा वेळ आपली प्रकृती कशी तग धरील? गाडी चालू असताना प्रवास सुखाचाच असतो. ज्येष्ठांची खरी परीक्षा गाडी थांबल्यावर सुरू होते.

आपल्याकडे आडरस्त्यावर गाडी बंद पडली तरी अर्ध्या तासात कोणी ना कोणी येतो, चहाची टपरी सापडते, मेकॅनिकचा पत्ता मिळतो. आउटबॅकमध्ये हा हिशेब लागू पडत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातील ऊडनाडाटा ट्रॅक हे उदाहरण घेऊ. मरी ते मार्ला हा सुमारे ६०० किलोमीटरचा, बहुतांश कच्चा रस्ता. मध्ये विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटा या दोनच वस्त्या, आणि प्रत्येक टप्पा साधारण २०० किलोमीटरचा. जुन्या 'घान' रेल्वेमार्गाच्या कडेने ही वाट जाते. ही रेल्वे येण्यापूर्वी येथील मालवाहतूक उंटांवरून चाले आणि ते उंट हाकणाऱ्यांत बलुचिस्तान, पेशावर या भागांतून, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातून आणलेली पुष्कळ माणसे होती. मरी गावात त्यांची वस्ती होती. पाहण्यासारखे या वाटेवर खूप आहे. समुद्रसपाटीपेक्षाही खाली असलेले काटी थांडा, म्हणजेच लेक आयर, हे विस्तीर्ण मिठागरी सरोवर आहे, वाळवंटात उमलणारे नैसर्गिक झरे आहेत. परंतु वस्ती सोडली की मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते.

ऋतूविषयी मी तडजोड करीत नाही. ऊडनाडाटा येथे २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. शेजारच्या सिम्प्सन वाळवंटाचे संरक्षित क्षेत्र १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात प्रवाशांना बंदच असते. साठी ओलांडलेल्यांनी मे ते ऑगस्ट याच महिन्यांत जावे. तेव्हा दिवस सुखद असतात, रात्री मात्र चांगल्या गारठतात. कानटोपी आणि लोकरीचे मोजे येथून नेले तरी चालतील.

आता गाडीकडे वळू. जुनी गाडी म्हणजे वाईट गाडी, असे मुळीच नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक भाग कमी असतात आणि दूरच्या गावातील मेकॅनिकलाही त्यांची नाडी कळते. त्यांचे दुखणे आपल्यासारखेच असते. वरून धडधाकट, पण रबर कडक झालेले. रेडिएटरचे होज पाइप, फॅन बेल्ट, दारांची रबरे आणि टायर हे भाग वापराने झिजतात तसे नुसत्या वयानेही निकामी होतात. टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर सुकून भेगाळलेले असते. म्हणून मुलाला दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात : थंड करणारी यंत्रणा कोणी तपासली, आणि स्टेपन्या किती आहेत? अशा वाटेवर दोन असाव्यात. वातानुकूलन यंत्र चालते का हा प्रश्न तरुणांना चैनीचा वाटतो. पंचाहत्तरीच्या हृदयरुग्णासाठी तो वैद्यकीय प्रश्न आहे.

माझ्याकडे वर्षानुवर्षे येणाऱ्या एका दांपत्याचा अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. काकांचे वय ७४, हृदय अशक्त असल्याने लघवी वाढवणारी गोळी चालू. काकू ६९ वर्षांच्या, इन्सुलिनवर. मुलाच्या सोयीने त्यांना सप्टेंबरअखेर निघावे लागले. विल्यम क्रीक सोडल्यावर सकाळी दहाच्या सुमारास होज पाइप फुटला. मुलगा पाण्याची बाटली घेऊन चालत मदत आणायला निघाला होता. काकांनी त्याला जाऊ दिले नाही, आणि ते अगदी योग्य झाले. गाडी मैलभरावरूनही दिसते, एकटा चालणारा माणूस दिसत नाही. त्या प्रदेशात गाडी सोडून निघालेल्यांनी प्राण गमावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. त्यांनी बॉनेट उघडे ठेवले, गाडीच्या सावलीच्या बाजूला ताडपत्री ताणली आणि घडीच्या खुर्च्यांवर बसून राहिले. रेडिएटरसाठीचे पाणी व पिण्याचे पाणी वेगवेगळ्या कॅनमध्ये होते, त्यामुळे एकाची गरज दुसऱ्याच्या घशाआड आली नाही. काकांनी त्या दिवशीची गोळी घ्यावी की नाही, हे आम्ही निघण्यापूर्वीच कागदावर ठरवून ठेवले होते. तीनच्या सुमारास जवळच्या गुरांच्या मळ्यावरची गाडी आली. दोघेही दमले होते, पण शुद्धीवर आणि शांत होते.

त्यांच्या या पाच तासांत शरीरात काय घडते, ते समजून घेणे आवश्यक आहे. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. शरीराला पाणी हवे असते, पण घशाला ते कळत नाही. घाम उशिरा व कमी येतो. त्यात औषधांची भर पडते. फ्रुसेमाइड, टॉर्सेमाइड यांसारख्या गोळ्या पाणी बाहेर टाकतात. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल घेणाऱ्यांच्या मूत्रपिंडांवर शरीर कोरडे पडल्यावर ताण येतो. मधुमेहासाठीची डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे लघवीवाटे साखरेबरोबर पाणीही नेतात. लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन आणि झोपेसाठी वा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन घाम कमी करतात. यांपैकी एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. मात्र निघण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे : "उन्हात अडकलो, किंवा उलट्या-जुलाब झाले, तर कोणती गोळी त्या दिवशी थांबवायची?" उत्तर लिहून घ्यावे, आणि त्याची एक प्रत मुलाकडे किंवा सुनेकडे द्यावी.

पिण्याचे पाणी माणशी दिवसाला किमान ५ लिटर धरावे आणि वर काही दिवसांचा राखीव साठा ठेवावा. ज्यांना पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी आपले प्रमाण आधीच विचारून ठेवावे. तहान लागण्याची वाट न पाहता घड्याळ लावून घोट-घोट प्यावे. रेडिएटरमधून काढलेले पाणी कोणत्याही परिस्थितीत पिऊ नये, कारण त्यातील कूलंट विषारी असते. बंद गाडीत बसून राहू नये. पत्र्याची ती खोली बाहेरच्या हवेपेक्षा फार लवकर तापते. सोबतचा ज्येष्ठ विसंगत बोलू लागला, चिडचिड करू लागला, चालताना झोकांडला, तर ते 'वयामुळे' समजू नका. तो उष्माघाताचा आरंभ असू शकतो. कपडे ओले करा, वारा घाला, मान व काखा थंड करा आणि तात्काळ मदत मागा.

गाडी चालू असतानाचे त्रास त्यामानाने लहान आहेत. कच्चा रस्ता पन्हळी पत्र्यासारखा असतो आणि दिवसभर कणा हादरत राहतो. हाडे ठिसूळ झालेल्यांना मागच्या चाकांवरील आसन टाळून पुढे बसवावे आणि दर दीड-दोन तासांनी उतरून चालायला लावावे. त्याने पायांत रक्त साकळण्याचा धोकाही कमी होतो. लघवीला उतरावे लागू नये म्हणून पाणीच न पिणाऱ्या आजी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांच्यासाठी घडीचा कमोड व आडोशाचा लहान तंबू न्यावा. संकोच मुलांनीच दूर करावा. दमेकऱ्यांना जुन्या दारांतून येणारी बारीक लाल धूळ छळते. पंखा चालू ठेवून बाहेरची हवा आत घेतली की आतील दाब वाढून धूळ कमी शिरते. समोरून ट्रक येत असेल तेव्हा तेवढ्यापुरती ती बंद करावी.

एका गोष्टीकडे मात्र अजिबात दुर्लक्ष करू नये. जुन्या गाडीचा सायलेन्सर गळत असेल आणि मागचे दार नीट बसत नसेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो. गाडीतील सगळ्यांचेच डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळले आणि बाहेर मोकळ्या हवेत बरे वाटले, तर पित्ताची गोळी शोधू नका, गाडी थांबवा. थंडीत इंजिन सुरू ठेवून गाडीत झोपणेही याच कारणाने वर्ज्य आहे.

औषधे ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवू नयेत. तो गाडीतील भट्टीचा कोनाडा असतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते आणि वापरातले उन्हापासून सांभाळावे लागते. बर्फाला चिकटून गोठलेले इन्सुलिन निकामी होते, हेही लक्षात असावे. पाण्यात भिजवून वापरायचे खास पाउच मिळते, आपल्या माठाच्याच तत्त्वावर चालणारे. जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी व साखर तपासण्याच्या पट्ट्याही उष्णतेने बिघडतात. पाऊस झाला की हे रस्ते अधिकृतपणे बंद करतात आणि माणसे एखाद्या छोट्या वस्तीत दिवसेंदिवस अडकतात. म्हणून औषधे प्रवासाच्या दिवसांच्या दुप्पट न्यावीत. भारतीय चिठ्ठीवर तेथील औषधाचे दुकान औषध देत नाही. मूळ वेष्टनासह, औषधांची मूळ नावे लिहिलेल्या इंग्रजी पत्रासह, तीन महिन्यांपुरती औषधे सोबत नेता येतात. विमानतळावर ती जाहीर करावीत.

आणि तरीही डॉक्टर लागलेच, तर? तेथे रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस ही विलक्षण संस्था आहे. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या प्रयत्नांतून १९२८ साली क्वीन्सलंडमधील क्लॉनकरी येथून तिचे पहिले विमान उडाले. दूरच्या मळ्यांवर व वस्त्यांवर तिच्या औषधपेट्या असतात. प्रत्येक औषधाला क्रमांक असतो आणि फोनवरून डॉक्टर 'अमुक क्रमांकाचे औषध द्या' असे सांगतात. आपल्या ग्रामीण भागासाठी ही कल्पना मला फार हेवा वाटण्याजोगी वाटते. मरी व मार्ला येथे या संस्थेची आरोग्यकेंद्रे आहेत. पण विमान येण्यासाठी आधी कोणाला तरी कळावे लागते. त्यासाठी उपग्रह फोन, किंवा बटण दाबताच ४०६ मेगाहर्ट्झवर संकटसंदेश पाठवणारा वैयक्तिक बीकन हवा. तो भाड्यानेही मिळतो. सोबत यूएचएफ रेडिओ असावा. त्याचा ४० क्रमांकाचा चॅनेल ट्रकचालक ऐकत असतात आणि ५ क्रमांकाचा चॅनेल आणीबाणीसाठी राखीव आहे. रेंज असेल तेथे आणीबाणीचा क्रमांक ०००. बीकन कसा चालवायचा हे मुलाबरोबर आई-वडिलांनीही शिकून घ्यावे, कारण गाडीतील आजारी माणूस तुम्हीच असाल असे काही ठरलेले नाही.

भारतीय पाहुण्यांना तेथील मेडिकेअरचा लाभ नसतो. विमा घेताना आधीचे आजार वगळले आहेत का आणि हवाई रुग्णवाहिकेचा खर्च मिळतो का, ही दोन कलमे स्वतः वाचावीत. निघण्याच्या आदल्या रात्री शहरातील एखाद्या नातेवाइकाला रोजचा मुक्काम, गाडीचा क्रमांक आणि फोन करण्याची वेळ लिहून द्यावी. त्या वेळेनंतर किती तास वाट पाहून त्याने पोलिसांना कळवायचे, तेही त्याच कागदावर लिहावे.