पडदाही सुरात लावावा लागतो!

मुलांनो, आमसुली रंग म्हणजे नेमका कसा, सांगा बघू! लाल? छे. तपकिरी? तोही नाही. जांभळा? थोडासा! आता समजा, मावशीने आईला एका आमसुली साडीचा फोटो पाठवला. तुमच्या लॅपटॉपवर उघडला तर साडी दिसली विटकरी. दादाच्या लॅपटॉपवर तीच साडी चक्क किरमिजी! आता आईने पसंती कळवायची ती कोणत्या पडद्याच्या भरवशावर? चुकीच्या पडद्यावर विश्वास ठेवला, तर पार्सल उघडल्यावर “अगंबाई, हा रंग मी कुठे मागवला होता?” असं म्हणायची वेळ यायची.

फोटो एकच, साडी एकच. मग खोटं कोण बोलतंय?

गंमत म्हणजे दोन्ही लॅपटॉप आपापल्या परीने खरंच बोलत आहेत. ते कसं, ते समजून घ्यायचं तर आधी पडद्याच्या पोटात शिरायला हवं.

आकडे सारखे, चमचे वेगळे

संगणक फोटोत रंग साठवतच नाही, तो साठवतो आकडे. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यासाठी तीन आकडे असतात. लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला, म्हणजे २५६ पायऱ्या. २५६ गुणिले २५६ गुणिले २५६ करून पाहा. उत्तर येईल १,६७,७७,२१६. इतक्या छटा आकड्यांत लिहिता येतात!

पण हे आकडे म्हणजे पाककृतीत लिहिलेलं “तिखट दोन चमचे” आहे. चमचा कोणाचा? तुमच्या घरचा चमचा लहान नि शेजारच्या काकूंचा मोठा असेल, तर एकाच पाककृतीच्या दोन भाज्या वेगळ्या लागणारच. लॅपटॉपचा पडदा, म्हणजेच त्यातलं पॅनेल, हा तो चमचा. “लाल २००” म्हटलं की प्रत्येक पॅनेल आपापल्या मापाने लाल ओततं.

गाजरापासून लॅपटॉपपर्यंत

१८८८ साली प्राग शहरात फ्रिडरिख रायनित्झर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातल्या कोलेस्टेरॉलचा अभ्यास करत होते. त्यापासून तयार केलेला एक पदार्थ त्यांनी तापवला, तर तो एकदा नव्हे, दोनदा वितळल्यासारखा झाला! आधी गढूळ द्रव झाला आणि आणखी तापवल्यावर एकदम नितळ. तो गढूळ द्रव वाहत होता पाण्यासारखा, पण त्याच्या कणांची रचना होती स्फटिकासारखी. हेच ते द्रवस्फटिक, इंग्रजीत लिक्विड क्रिस्टल. एलसीडी या नावातली पहिली दोन अक्षरं यावरूनच आली.

एलसीडी पॅनेलमध्ये मागे पांढरा दिवा असतो. त्याच्यापुढे द्रवस्फटिकांच्या लक्षावधी बारीक झडपा. विजेच्या इशाऱ्यावर त्या कमी-जास्त उघडतात. प्रत्येक झडपेपुढे लाल, हिरवी किंवा निळी काच बसवावी तशी रंगीत गाळणी असते.

आता फरक कुठे पडतो बघा. मागचा तो पांढरा दिवा मुळात पांढरा नसतोच! बहुतेक पॅनेलमध्ये तो असतो निळा एलईडी, आणि त्यावर इतर रंगांचा उजेड देणाऱ्या पदार्थाचा लेप. निळा आणि पिवळा उजेड मिसळला की डोळ्याला पांढरा भासतो. (निळा एलईडी बनवणाऱ्या इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) लेप जरा कमी-जास्त झाला, की पांढरा रंग निळसर किंवा पिवळसर होतो.

दुसरी गोष्ट गाळणीची. गाळणी फिकी ठेवली तर उजेड जास्त बाहेर येतो, दिवा मंद ठेवून भागतं आणि बॅटरी वाचते. पण मग लाल हा लालभडक राहत नाही, पाणी घातल्यासारखा होतो. गाळणी गडद ठेवली तर रंग छान, पण वीज जास्त. कोणाला काय महत्त्वाचं वाटलं, त्यावर पॅनेलचा स्वभाव ठरतो.

झडपा वळण्याची तऱ्हाही वेगवेगळी. टीएन प्रकारचं पॅनेल स्वस्त असतं, पण वरून-खालून पाहिलं की त्याचे रंग पालटतात. आयपीएस प्रकारात बाजूने पाहिलं तरी रंग फारसे बदलत नाहीत. ओएलईडीमध्ये तर मागे दिवाच नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, आणि काळं दाखवायचं असेल तर सरळ विझून जातो!

मॉडेल एक, पॅनेल दोन

लॅपटॉपच्या झाकणावर ज्या कंपनीचं नाव असतं, तिनेच पडदा बनवलेला असतो असं नाही. बहुतेक कंपन्या पॅनेल बाहेरून विकत घेतात. ते बनवणारे कारखाने जगात मोजकेच. दक्षिण कोरियातल्या एलजी डिस्प्ले आणि सॅमसंग डिस्प्ले, तैवानमधल्या एयू ऑप्ट्रॉनिक्स आणि इनोलक्स, चीनमधली बीओई, जपानची शार्प, अशी त्यांतली ठळक नावं.

आणि खरी मेख पुढेच आहे. एकाच मॉडेलसाठी लॅपटॉप कंपनी दोन-तीन कारखान्यांकडून माल घेते. एकाकडे माल कमी पडला तर दुसऱ्याचा तयार! म्हणजे तुम्ही आणि तुमच्या मित्राने एकाच दुकानातून एकच मॉडेल घेतलं, तरी आत पॅनेल वेगवेगळी निघू शकतात.

आपलं पॅनेल कोणाचं, ते शोधायचंय? विंडोज असलेल्या लॅपटॉपवर मोठ्यांच्या मदतीने ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. त्यात ‘मॉनिटर्स’, मग ‘प्रॉपर्टीज’, मग ‘डिटेल्स’, आणि यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. तिथे इंग्रजी अक्षरांत एक सांकेतिक नाव दिसेल. सुरुवात ‘एलजीडी’ असेल तर एलजी, ‘एयूओ’ असेल तर एयू ऑप्ट्रॉनिक्स, ‘सीएमएन’ म्हणजे इनोलक्स, ‘बीओई’ तर सरळच आहे. गुप्तहेराचं काम आहे की नाही?

सतरा जणांचे डोळे

पण मग बरोबर रंग कोणता, हे ठरवायचं कोणी? माप तर हवंच. किलोचं वजन ठरलेलं नसतं तर बाजारात रोज भांडणं झाली असती!

रंगांचं माप ठरलं १९३१ साली. त्याआधी इंग्लंडमध्ये डेव्हिड राइट यांनी १० जणांवर आणि जॉन गिल्ड यांनी ७ जणांवर प्रयोग केले. एका बाजूला एक रंग दाखवायचा, आणि दुसऱ्या बाजूला लाल, हिरवा, निळा उजेड मिसळून तो जुळवायला सांगायचा. या १७ जणांच्या डोळ्यांवरून प्रकाश आणि रंग यांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने ‘सरासरी माणसाचा डोळा’ आकड्यांत बांधला. आजही रंग मोजण्याचा पाया तोच आहे. आपल्या तिरंग्यातला केशरी रंगसुद्धा ‘आयएस १’ या भारतीय मानकात याच पद्धतीच्या आकड्यांनी ठरवून दिलेला आहे.

संगणकाच्या पडद्यासाठीचं माप पुढे १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी सुचवलं. त्याचं नाव एसआरजीबी. १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. लाल, हिरवा आणि निळा नेमके कोणते, पांढरा कोणता, आणि कोणत्या आकड्याला किती उजेड, हे त्यात ठरलेलं आहे. म्हणजे सगळ्यांसाठी एकच चमचा!

यातला पांढरा दिवसाच्या उजेडासारखा असतो. त्याला ६५०० केल्विन म्हणतात. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लाल, मग पिवळं होतं, आणखी तापलं की पांढरं होऊ लागतं. म्हणजे तापमान वाढलं की उजेड निळ्याकडे झुकतो. म्हणून पांढऱ्या रंगाची छटा तापमानात सांगायची पद्धत पडली.

आणखी एक मौज. १२८ हा २५५ च्या जवळजवळ निम्मा, नाही का? पण १२८ ला पडद्याने निम्मा उजेड द्यायचा नसतो, द्यायचा असतो सुमारे २२ टक्के! कारण आपला डोळा. अंधाऱ्या खोलीत एक पणती लावली तर लगेच जाणवते, पण शंभर पणत्यांत आणखी एक लावली तर कळतही नाही. डोळ्याच्या या सवयीला धरूनच पायऱ्या आखल्या आहेत.

तुलना करावी तर अशी

दोन लॅपटॉप शेजारी ठेवले की जो जास्त उजळ, तोच चांगला वाटतो. इथेच भले भले फसतात! दुकानात सगळे पडदे झगमगत ठेवलेले असतात, ते उगीच नव्हे.

म्हणून आधी दोघांना एका पातळीवर आणा. लॅपटॉप सुरू करून अर्धा तास जाऊ द्या, म्हणजे दिवा स्थिरावेल. रात्रीसाठी पडदा पिवळा करणारी सोय बंद करा, उजेड आपोआप कमी-जास्त करणारी सोयही बंद करा. खोलीत मंद उजेड असू द्या. दोन्ही पडद्यांवर कोरं पांढरं पान उघडा आणि तेज सारखं करून घ्या. मग एकच फोटो, एकाच कोनातून, अगदी समोरून पाहा. आता जो फरक दिसेल, तो खरा पॅनेलचा.

सूर लावणारी डबी

गाण्याआधी तानपुरा सुरात लावतात, तसाच पडदाही लावता येतो. त्याला म्हणतात कॅलिब्रेशन. छायाचित्रकार आणि मासिकांची चित्रं छापणारे लोक त्यासाठी कलरीमीटर नावाची छोटी डबी वापरतात. ती पडद्यावर टेकवून ठेवायची. मग संगणक एकामागून एक रंगीत चौकोन दाखवतो, “हा लाल २५५, हा करडा १२८...” आणि डबी मोजते की प्रत्यक्षात काय बाहेर आलं.

त्यातून तयार होते पडद्याची प्रगतिपुस्तिकाच! तिला प्रोफाइल म्हणतात. “हा पडदा निळा जरा जास्त ओततो” हे एकदा कळलं, की संगणक निळा तेवढा कमी पाठवतो. मागणी आणि मिळालेला रंग यांतला फरक ‘डेल्टा ई’ या आकड्यात सांगतात. तो १ च्या आसपास असला तर नजरेला जेमतेम जाणवतो.

काही जण आपल्याच मॉडेलची दुसऱ्याने केलेली प्रोफाइल उतरवून घेतात. पण आत पॅनेल वेगळं असेल तर? ते म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा लावण्यासारखं झालं! आणि पॅनेल सारखं असलं तरी प्रत्येक नगात थोडा फरक असतोच. शिवाय दिवा जुना होत जातो, म्हणून हे मोजमाप पुन्हा पुन्हा करावं लागतं. एक्स-रे पाहणाऱ्या डॉक्टरांच्या पडद्यांची तर अशी तपासणी नियमितपणे करतात. तिथे करड्या रंगाची एखादी छटा हरवली, तर आजारच नजरेतून निसटायचा.

मात्र एक लक्षात ठेवा. तानपुऱ्याला तारच नसेल, तर ती सुरात कशी लावणार? फिक्या गाळणीच्या पॅनेलला गडद लाल दाखवताच येत नाही. कॅलिब्रेशनने पांढरा पांढरा होईल, करडा करडा होईल, पण नसलेला लाल येणार नाही.

करून पाहा

१. पडद्यावर पांढरं पान उघडा आणि भिंगातून पाहा. भिंग काचेवर दाबू नका हं! पांढरा गायब, नुसते लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतील.

२. चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये काळं पान घ्या. त्यावर तीन चौकोन रंगवा. पहिल्यात तिन्ही आकडे ५, दुसऱ्यात १०, तिसऱ्यात १५. किती चौकोन दिसतात? दोन लॅपटॉपवर करून ताडून पाहा.

३. तोच पडदा वरून, खालून, बाजूने पाहा. रंग पालटले का?

४. विंडोजमध्ये ‘कॅलिब्रेट डिस्प्ले कलर’ शोधा. तिथल्या सूचनांप्रमाणे नुसत्या डोळ्याने पडदा थोडाफार सुधारता येतो. डबीची सर येणार नाही, पण सुरुवात होईल.

आई-बाबांसाठी

लॅपटॉप घेताना फक्त पडद्याचा आकार विचारू नका. पॅनेल आयपीएस आहे का? तेज किती निट? एसआरजीबी किती टक्के? माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असेल तर ते फिकं पॅनेल समजा. एनटीएससी हे १९५३ सालचं अमेरिकन टीव्हीचं, बरंच मोठं माप. त्यातले ७२ टक्के म्हणजे जवळपास पूर्ण एसआरजीबी. नुसतं टायपिंग आणि अभ्यास असेल तर फिकं पॅनेलही चालून जातं. पण घरात चित्रं काढणारं, फोटो काढणारं कोणी असेल, तर चार पैसे इथेच घाला.

आणि मावशीच्या साडीचं काय? पडदा सुरात असला तरी मावशीच्या मोबाइलने फोटो कसा टिपला, हा प्रश्न उरतोच. तेव्हा फोटो दिवसा, खिडकीजवळच्या उजेडात काढायला सांगा. शेजारी एक पांढरा कागद ठेवायलाही सांगा. तुमच्या पडद्यावर तो कागद निळसर दिसला, तर समजा की साडीचा रंगही तेवढाच निळ्याकडे सरकलाय!