निवृत्तिवेतनावरील चुकीची करकपात : ओळख आणि दुरुस्ती

रोजमेळ आणि खतावणी यांचा मेळ बसल्याखेरीज व्यापाऱ्यास रात्री स्वस्थ झोप लागत नाही. दिवाळीत वहीपूजन करताना मागील वर्षाची एक पै अडकली असेल, तर ती सापडेपर्यंत आपण नवी वही उघडत नाही. परंतु त्याच घरातील वडील मंडळींच्या निवृत्तिवेतनाचे पासबुक मात्र वर्षानुवर्षे कोणी उलगडून पाहत नाही, हा आमचा नित्याचा अनुभव आहे. यास्तव या अंकात त्या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

भोपाळमध्ये हा प्रश्न घरोघरचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे शहर नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, तेव्हा नागपूरच्या सचिवालयातील अनेक मराठी कुटुंबे येथे आली. पुढे हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना उभा राहिला. सरकारी कचेऱ्या, बँका आणि कारखाने यांतून निवृत्त झालेली माणसे आज चौक आणि जुमेराती येथील व्यापाऱ्यांच्या घरांतूनही आहेत. कोणाचे वडील, कोणाचे सासरे, तर कोणाच्या विधवा मातोश्री निवृत्तिवेतनावर अवलंबून असतात.

पर्युषण आटोपल्यावर, सप्टेंबर २०२५ मध्ये, एक अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ आपले पासबुक घेऊन आमच्याकडे आले. दरमहा ७०,००० रुपये निवृत्तिवेतन. त्यातून एप्रिलपासून दरमहा ५,८९३ रुपये कापले जात होते. 'सरकारने घेतले ते घेतले, आता म्हातारपणी कोठे भांडत बसू?' असे ते म्हणाले. दुसरे उत्पन्न त्यांना नव्हते. या रकमेतून त्यांच्या पत्नीचा औषधांचा खर्च भागला असता.

आम्ही हिशेब मांडला. वर्षाचे निवृत्तिवेतन ८,४०,००० रुपये. २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीनुसार ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाता ७,६५,००० रुपये उरतात. पहिल्या चार लाखांवर कर नाही; पुढील ३,६५,००० रुपयांवर पाच टक्क्यांनी १८,२५० रुपये होतात. परंतु करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असल्यास कलम ८७अ ची सवलत मिळते. म्हणजे देय कर शून्य! बँकेने मात्र जुन्या पद्धतीने आकारणी केली होती. ५०,००० रुपये वजा जाता ७,९०,००० रुपये. तीन ते पाच लाखांवर १०,००० आणि वरील २,९०,००० रुपयांवर वीस टक्क्यांनी ५८,००० रुपये. उपकरासह एकूण ७०,७२० रुपये. त्याचा बारावा हिस्सा म्हणजेच ते ५,८९३ रुपये होत. काही वर्षांपूर्वी बचतीच्या वजावटीसाठी त्यांनी जुन्या पद्धतीचे घोषणापत्र दिले होते. बचत थांबली, कायदा बदलला. घोषणापत्र मात्र तसेच पुढे चालत राहिले.

येथे एक तत्त्व ध्यानी घ्यावे. ब्रिटनमध्ये करखाते प्रत्येक निवृत्तास एक संकेतांक देते आणि त्यानुसार कपात होते. संकेतांक चुकला तर खात्याशीच बोलावे लागते. आपल्याकडे तशी रीत नाही. स्वतःच्या सेवेबद्दलचे निवृत्तिवेतन हे कायद्याने वेतनच असल्यामुळे, ते देणारी बँक अथवा कचेरी वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज करून कलम १९२ प्रमाणे कर कापते. सबब पहिला अर्ज करावयाचा तो तिच्याकडे. (येथे दिलेली कलमे १९६१ च्या कायद्यातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी २०२५ चा नवा आयकर अधिनियम असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत.)

चूक बहुधा पुढील पाच ठिकाणी सापडते.

पहिले, करपद्धतीची निवड. २०२३-२४ पासून नवी पद्धत हीच मूळ पद्धत मानली जाते. जुनी हवी असल्यास तसे कळवावे लागते. दोन्ही पद्धतींनी आकडे मांडून दरवर्षी एप्रिलमध्ये बँकेस लेखी कळविणे उत्तम.

दुसरे, पॅन क्रमांक. तो दिला नसेल, चुकीचा नोंदला असेल किंवा आधारशी न जोडल्याने निष्क्रिय झाला असेल, तर चढ्या दराने कपात संभवते. क्रमांकातील एक अक्षर चुकल्यास कापलेला कर परक्याच्या खात्यावर जमा होण्याची भीती असते.

तिसरे, जन्मतारीख. जुन्या पद्धतीत साठाव्या वर्षापासून तीन लाख आणि ऐंशीव्या वर्षापासून पाच लाखांपर्यंत कर नाही. तारीख चुकली की हा लाभ बुडतो.

चौथे, थकबाकी. अनेक वर्षांची रक्कम एकदम मिळाली की कर फुगतो. त्यास कलम ८९ चा दिलासा आहे. मात्र विवरणपत्रापूर्वी १०ई हा नमुना भरावा लागतो.

पाचवे, कुटुंब निवृत्तिवेतन. पतीच्या पश्चात पत्नीस मिळणारी रक्कम वेतन नव्हे, 'अन्य उत्पन्न' होय. त्यावर वेतनाप्रमाणे कपात होऊ नये. त्यातून एकतृतीयांश अथवा ठरलेली मर्यादा यांपैकी कमी ती रक्कम वजा होते. जुन्या पद्धतीत ही मर्यादा १५,००० आणि नव्या पद्धतीत २०२४-२५ पासून २५,००० रुपये आहे. कित्येक जण मातोश्रींच्या विवरणपत्रात ७५,००० रुपये वजा करतात. ते चूक आहे.

आता दुरुस्तीचा क्रम. प्रथम पासबुक, निवृत्तिवेतनाचा आदेश आणि करखात्याच्या संकेतस्थळावरील २६एएस हा तक्ता समोर ठेवावा. हा तक्ता म्हणजे सरकारच्या वहीतील आपले खाते होय. आपल्या वहीशी तो ताडून पाहावा. नंतर बँकेस लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. वर्ष चालू असेल तर जादा वा कमी कपात पुढील महिन्यांत जुळवून घेण्याची मुभा बँकेस आहे. रक्कम चुकीच्या पॅनवर गेली असल्यास बँकेने आपले तिमाही विवरण दुरुस्त करावयाचे असते; ते काम निवृत्ताला स्वतः करता येत नाही.

आमच्या त्या गृहस्थांची कपात ऑक्टोबरपासून थांबली. परंतु सहा महिन्यांचे ३५,३५८ रुपये सरकारजमा झाले होते, आणि पुढे देय कर शून्य असल्याने त्यांची जुळणी करण्यास जागा उरली नव्हती. अशी रक्कम बँक परत देत नाही. ती विवरणपत्र भरूनच मागावी लागते. 'आमचे उत्पन्न करपात्र नाही, मग विवरणपत्र कशाला?' असे म्हणणारा आपल्या हक्काच्या पैशावर पाणी सोडतो. मुदतीत भरल्यास परताव्यावर साधारणतः दरमहा अर्धा टक्का व्याजही मिळते.

व्यापारी कुटुंबांसाठी एक विशेष सूचना. पंचाहत्तरी गाठलेल्या आणि एकाच विहित बँकेतून निवृत्तिवेतन व व्याज घेणाऱ्या वृद्धांस बँकेत घोषणापत्र दिल्यावर विवरणपत्रातून सूट मिळते. साठीपुढील ज्यांना धंद्याचे उत्पन्न नाही त्यांना आगाऊ करही भरावा लागत नाही. पण आपण वडिलांना पेढीत भागीदार करून मेहनताना देत असाल, तर ते धंद्याचे उत्पन्न ठरते आणि या दोन्ही सवलती जातात. जुनी पद्धत निवडण्यासही त्यांना १०-आयईए हा नमुना मुदतीत भरावा लागतो. प्रेमाने दिलेली भागीदारी अशी वृद्धांच्या अंगावर येऊ नये.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. कपात जशी जादा होते तशी कमीही होते. दोन ठिकाणांहून निवृत्तिवेतन असेल किंवा ठेवींचे व्याज बँकेस ठाऊक नसेल, तर हे हमखास घडते. तेव्हा उरलेला कर आपण होऊन भरावा. अचौर्य हे आपले व्रत आहे. दुसऱ्याचे न घेणे हा त्याचा अर्थ. ते व्रत पाळणाऱ्याने आपल्या हक्काचे सोडून द्यावे, असे मात्र त्यात कोठेही सांगितलेले नाही.

सभासद बंधु-भगिनींनी येत्या रविवारी दुकानाची वही मिटल्यावर अर्धा तास काढावा आणि घरातील वडीलधाऱ्यांचे पासबुक त्यांच्याच शेजारी बसून वाचावे, एवढीच आमची विनंती आहे. जय जिनेंद्र.