आपोआप लागणारा ब्रेक आणि चालकाचा पाय

पुढच्या काचेमागचा कॅमेरा आणि गाडीच्या पुढच्या भागातला रडार समोरच्या वाहनाचे अंतर व वेग सतत मोजत असतात. धडक होणार असे दिसले की आधी इशारा मिळतो. चालक हलला नाही, तर ब्रेक आपोआप लागतो. याचा फायदा खरा आहे. पुढच्या वाहनाला मागून धडकण्याचे अपघात अशा गाड्यांमध्ये निम्म्याने कमी होतात, असे अमेरिकेतील आयआयएचएस या रस्ते-सुरक्षा संस्थेला आढळले.

पादचाऱ्यांचे चित्र मात्र अस्वस्थ करणारे आहे. याच संस्थेच्या २०२२ च्या अभ्यासात पादचाऱ्यांना धडकण्याचे अपघात २७ टक्क्यांनी घटलेले दिसले, पण दिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यांवर काहीच फरक पडला नाही. म्हणजे चालकाची नजर जिथे सर्वात कमी पोचते, तिथेच ही यंत्रणाही कमी पडते. २०१९ मध्ये 'एएए' या वाहनचालक संघटनेच्या चाचण्यांत दोन उभ्या गाड्यांमधून मुलाचा पुतळा अचानक समोर आणला गेला. वेग ताशी अवघा ३२ किलोमीटर होता, तरी ८९ टक्के वेळा धडक झालीच. धुके, मुसळधार पाऊस, चिखलाने माखलेला सेन्सर यांमुळेही यंत्रणा आंधळी होऊ शकते.

यंत्रणा बंद आणि चालकही बेसावध असेल तर काय होते, हे मार्च २०१८ मध्ये दिसले: अ‍ॅरिझोनातील टेंपी शहरात उबरच्या स्वयंचलित चाचणी-गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या महिलेचा जीव घेतला. गाडीची मूळ आपत्कालीन ब्रेक यंत्रणा चाचणीसाठी बंद ठेवलेली होती आणि देखरेखीसाठी बसलेल्या चालकाचे रस्त्याकडे लक्ष नव्हते. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. चालकाला मात्र २०२३ मध्ये तीन वर्षांच्या प्रोबेशनची शिक्षा झाली.