वंशावळीतल्या लेकी

हिंजवडीत कुणी वंशावळ काढायला बसलं, की पहिला कागद निघतो तो सात-बारा. आमच्या गावात बहुतेकांना या कामाला जमिनीनं बसवलं. नव्वदच्या दशकात एमआयडीसीचं भूसंपादन सुरू झालं, हिंजवडी, माण, मारुंजीच्या शिवारात राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं राहिलं, आणि मोबदल्याचे पैसे कुणाकुणाच्या नावानं निघणार या प्रश्नापाशी घरोघर वारस मोजायची वेळ आली. जी जमीन उरली तिचंही तेच. आमच्याकडे थोडे गुंठे राहिलेत. त्यावर पणजोबांनंतरची वारसनोंद कधी नीट झालीच नव्हती. ते काम चुलत्यांनी माझ्यावर सोपवलं. मी या घरची लग्न होऊन गेलेली लेक, वाकडला राहते. धाकटे काका म्हणाले, "तुला कागद वाचता येतात, तूच बघ."

सात-बारा वाचायचा म्हणजे आधी नावांच्या शेजारचे गोलातले आकडे बघायचे. ते फेरफाराचे क्रमांक. जे नाव कमी झालं त्याला कंस घातलेला असतो. गोलातला आकडा धरून गाव नमुना सहामधली ती नोंद काढायची. ती नोंद आधीच्या फेरफाराचा पत्ता सांगते, तो त्याच्याही आधीच्या. असं करत मागं जाताना अक्षर बदलतं, शाई बदलते, भाषा बदलते. आडनावं गळतात आणि 'राघू बिन तुकाराम', 'ठकी कोम राघू' एवढंच उरतं. त्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली पद्धत, त्यामुळे आमच्या घरात तीन तुकाराम सापडले. कुठला तुकाराम कुठल्या राघूचा बाप आणि कुठला मुलगा, हे ठरवताना मी प्रत्येकाच्या मृत्यूचं साल शोधलं. नाव परत येतं, साल परत येत नाही.

पण खरा अडसर तीन अक्षरांत होता: ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. घरातला कर्ता वारला की थोरल्या मुलाचं नाव लागायचं, पुढे ही तीन अक्षरं, आणि त्यांच्याआड धाकटे भाऊ दडायचे. भाऊ पुढं कधीतरी बाहेर यायचे, कारण वाटणी व्हायची. बहिणी येत नसत. नशीब असलं तर त्यांची नावं 'इतर हक्क' या रकान्यात सापडतात. आमचे पणजोबा गेले ते १९५६ नंतर. हिंदू उत्तराधिकार कायदा तेव्हा आलेला होता आणि बापाच्या हिश्श्यात लेकींना वारस म्हणून जागा होती. तरी फेरफारात थोरल्या आजोबांचं एकट्याचं नाव. पणजोबांना चार मुली होत्या, आणि कागदावर एकही नव्हती.

चारपैकी तिघींचं घराणं ठाऊक होतं. त्यांच्याकडे सुतकाचा निरोप जात होता, लग्नाची पत्रिका जात होती. कागद बाजूला ठेवला तर आपल्याकडची खरी वंशावळ निरोपांवर चालते. भावकीतलं कुणी गेलं की कुणाकुणाला सुतक, कुणाला नुसती अंघोळ, हे घरातल्या म्हाताऱ्या बायकांना तोंडपाठ असतं. ज्या घराला निरोप जायचा थांबला, ते घर दोन पिढ्यांत नात्यातून गेलं असं समजावं. चौथी मुलगी, सगुणा, अशीच गेली होती. थोरल्या काकूंना एवढंच आठवत होतं, की "ती लांब दिली होती, मुळशीच्या अंगाला."

तिच्यासाठी मी पौडला गेले. हिंजवडीला आता सगळं जग आयटीमुळे ओळखतं, पण गाव मुळशी तालुक्यातलं, आणि तालुक्याचं ठिकाण पौड. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना चौदा, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही मिळते. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. अर्ज द्यायचा, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आणि वही समोर येते. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधायला लागली, तेव्हापासून राज्यभर अशा वह्यांवरची धूळ झटकली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांच्या दारात रांगा लागल्या. माझ्याबरोबर असेच एक निवृत्त शिक्षक होते. पुराभिलेख संचालनालयाच्या वर्गात ते मोडी शिकलेले. ते पानाला बोट लावत नसत. पोस्टकार्डाची कड ओळीखाली धरायची, ओळ मनात वाचायची, मग मोठ्यानं. मोडीत शब्द तोडलेले नसतात, हात न उचलता ओळ पुढं पळते, म्हणून ते आधी तारखा आणि आकडे पक्के करत आणि मग नावांकडे वळत.

१९१८ च्या शेवटच्या महिन्यांची पानं आली तेव्हा ते थांबले. त्या साली इन्फ्लुएंझा आला होता. आधीच्या पानांवर महिन्याला दोन-तीन मृत्यू असत. इथं ओळीखाली ओळ, कारणाच्या रकान्यात सगळीकडे ताप. आमच्या घरातलीही नावं त्यात होती, ज्यांच्याबद्दल घरात कुणी कधी बोललं नव्हतं. ती मी वेगळ्या कागदावर उतरवून घेतली. वारसनोंदीला त्यांचा काही उपयोग नव्हता.

पणजोबांच्या मुलींच्या जन्मनोंदी सापडल्या, पण त्यात मुलींची नावं नव्हती. कोतवाल नोंद करायचा तेव्हा बारसं झालेलं नसायचं, म्हणून बापाचं नाव, तारीख आणि पुढे नुसतं 'मुलगी'. अशा चार नोंदी. सगुणा सर्वांत धाकटी हे काकूंना पक्कं माहीत होतं, म्हणून शेवटची नोंद तिची धरली. पुढचा रस्ता मात्र बंद होता. लग्नानंतर तिचं आडनाव बदललं असणार, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे सासरी नावही बदललं असणार. अशी बाई कागदावर शोधायची कशी?

ती भांड्यावर सापडली. जुन्या लग्नपत्रिका शोधायला आम्ही माळ्यावरची ट्रंक खाली काढली, तिच्यामागं तांब्याचं घंगाळ होतं. चिंचेनं घासल्यावर काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं दिसली. पूर्वी आहेराच्या भांड्यावर कासार छिन्नीनं नाव घालून द्यायचा, तसं. थोरल्या आजोबांच्या धाकट्या भावाचं नाव, 'यास लग्नात', खाली 'भगिनीकडून', आणि शेवटी 'कोळवण'. बाकीच्या तिघी बहिणी चिंचवड, मारुंजी आणि चाकणला दिलेल्या. कोळवणची चौथीच असणार.

कोळवणला देवळासमोरच्या म्हाताऱ्यांनी दोन वाक्यांत घर सांगितलं. ते लोक मूळचे खोऱ्यातल्या, मुळशी धरणाखाली गेलेल्या गावातले. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला तो १९२१ मध्ये सुरू झालेला. धरण तरी झालंच, आणि गावंच्या गावं पांगली. हे कुटुंब नातेवाइकांच्या आसऱ्यानं कोळवणला आलं होतं. सगुणाचं सासरचं नाव पार्वती. तिचा मुलगा मुंबईला डबे पोचवायला गेला. मावळ-मुळशीतल्या कितीतरी घरांचे कर्ते पुरुष या कामात आहेत. त्याचा मुलगा, म्हणजे सगुणाआज्जीचा नातू, भांडुपला राहतो. त्याचा नंबर तिथल्याच एका चुलतभावानं दिला.

मी फोनवर माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं. पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्यानं विचारलं, "सही कशावर पाहिजे?"

त्याचा राग मला आला नाही. हिंजवडीतून पन्नास वर्षांनी फोन आला, की तो हक्कसोड पत्रासाठीच असतो हे मुंबईतल्या माणसालाही कळतं. बहिणीला शोधायचं, साडीचोळी करायची, निबंधक कार्यालयात अंगठा घ्यायचा आणि पुन्हा विसरायचं, असं इथं खूप घरांत झालं. मला ते घोर वाटतं. ज्या कामानं तुटलेलं माणूस सापडतं, त्याच कामानं त्याला कायमचं बाहेर काढायचं, हे नात्याचं काम नव्हे. मी त्याला सांगितलं, की तूर्त कशावरही सही नको, तुझ्या आज्जीचं नाव लावायचंय, पुढं तिच्या वारसांची लावायचीयत, आणि त्यापुढं काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. त्यानं "आईशी बोलतो" म्हणून फोन ठेवला.

घरात यावरून बोलाचाली झाली. एका काकांचं म्हणणं, मेलेल्या आत्याला आता कशाला उकरायचं. मी चिडले नाही. उत्तराधिकार कायद्याची २००५ ची दुरुस्ती आणि २०२० मधला सर्वोच्च न्यायालयाचा विनीता शर्मा खटल्यातला निकाल छापून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांना पटलं ते कायद्यानं नाही. थोरल्या काकू मधे म्हणाल्या, "ती आली असती तर तिला ताट वाढलंच असतं ना तुम्ही?" त्यावर काका बोलले नाहीत, आणि वारसनोंदीच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली.

कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे हेळवी दारोदार येऊन घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे वहीत यजमानांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात, कोकणस्थ घराण्यांचे छापील कुलवृत्तांत आहेत. आमच्यासारख्या कुणब्याच्या घरी यातलं काही नाही. आमच्याकडे चैत्री पौर्णिमा आहे. म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला निघतं, आणि त्या दिवशी गावच्या माहेरवाशिणी घरी येतात. ज्यांना नावं विचारायची त्या सगळ्या एका दिवशी एका ओसरीवर बसलेल्या असतात. भांडुपची मंडळी त्या यात्रेला आली. नातवाच्या आईनं सोबत वही आणली होती, त्यात सासूकडून ऐकलेली नावं. सगुणाला आणखी दोन मुली होत्या, हे आम्हाला तिथं कळलं. माझ्या वंशावळीत त्यांच्यासाठी जागाच नव्हती. ओसरीवरच कागद जोडून रेषा वाढवली.

वारसनोंदीचा अर्ज आता ई-हक्क प्रणालीतून भरला आहे. नोंद धरली गेली की हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघेल, मग मंडल अधिकारी मंजुरी देतील. दरम्यान मी आईच्या आज्जीचं माहेर शोधायला घेतलंय. तिथं जमीन उरलेली नाही, म्हणजे सात-बारा नाही, फेरफार नाही. सुरुवात लग्नपत्रिकांपासून केली आहे, आणि मामांना घरातली जुनी भांडी काढून ठेवायला सांगितली आहेत.