कापूस पाण्यात विरघळत का नाही?

साखर पाण्यात विरघळते, कापसाचा बोळा मात्र नुसताच भिजतो. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोज या साखरेच्याच हजारो घटकांची साखळी. मग हा फरक का? साखळीवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट असतात. ते शेजारच्या साखळीशी हायड्रोजन बंधांनी जखडले जातात. ही पकड पाण्याला सोडवता येत नाही.

रसायनशास्त्राला मात्र येते. उल्हासनगरलगत शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहे. रेयॉन करताना लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजवर कॉस्टिक सोडा व नंतर कार्बन डायसल्फाइड यांची क्रिया घडवतात. हायड्रॉक्सिल गटांवर झँथेट गट जोडले जातात, साखळ्या दूर सरतात आणि सौम्य कॉस्टिक सोड्यात सेल्युलोज विरघळून मधासारखा द्राव होतो. तो बारीक छिद्रांतून आम्लात सोडला की झँथेट गट गळून पडतात आणि सेल्युलोजचा अखंड धागा मिळतो. छिद्रांऐवजी अरुंद फट ठेवली, तर सेलोफेन! १९४३ साली नेदरलँड्समध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी सेलोफेनच्या नळीतून रुग्णाचे रक्त फिरवले. रक्तातील युरिया नळीबाहेर गेला. पेशी व प्रथिने आतच राहिली. कृत्रिम मूत्रपिंडाची ती सुरुवात होती.

झँथेटऐवजी कायम टिकणारा गट जोडला तर? मोनोक्लोरोॲसेटिक आम्लाने कार्बॉक्सिमिथिल गट बसवता येतात. त्यांच्यावरील ऋण भारांमुळे साखळ्या एकमेकींना दूर ढकलतात आणि सेल्युलोज चक्क पाण्यात विरघळते. आता सायट्रिक आम्लासह तापवून साखळ्यांमध्ये आडव्या गाठी मारल्या, की ते पाणी पिऊन फुगते, पण विरघळत नाही. हेच हायड्रोजेल. कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोजच्या तंतूंची पट्टी जखमेतील स्राव शोषून मऊ जेल बनते. सुकलेले कापड काढताना नवी त्वचा सोलली जाते. जेल अलगद निघते.

कार्बन डायसल्फाइड विषारी व ज्वालाग्राही असल्यामुळे रेयॉनचा प्रयोग वर्गात नको. त्याऐवजी गवारीच्या बियांपासून केलेली ग्वार गमची पूड अर्धा चमचा घेऊन कपभर पाण्यात घोटा. टाकणखाराच्या द्रावणाचे थोडे थेंब घाला. घट्ट जेल होईल. मग लिंबू पिळा. गाठी सुटून ते पुन्हा पातळ होईल. (चाखू नका, हात धुवा.) गाठी कोणी मारल्या आणि कोणी सोडवल्या, हे मात्र विद्यार्थ्यांनाच विचारा.